कुंदाबाईंनी कोळसा परत केला

तामसखेड्याच्या बायकांचा पापडाला हात चांगला, असं धुळ्याच्या आग्रा रोडवरचे व्यापारीसुद्धा म्हणायचे. सुरत-भुसावळ रेल्वेच्या रुळांना चिकटून असलेलं हे लहानसं गाव. घरं सगळी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. माघ सरला की त्या धाब्यांवर जुन्या साड्या, धोतरं, चादरी अंथरल्या जायच्या आणि त्यांवर उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया वाळायला पडायच्या. आगगाडीतून जाणाऱ्याला वाटावं, गावानं जुनी कापडं पांघरून अंग शेकायला घेतलंय.

पापड घरोघर होतेच, पण ते एकत्र करून विकायचे ही कल्पना कुंदाबाई पाटलांची. कुंदाबाई सोनगीरच्या बाजूच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा पाचवी शिकलेल्या होत्या आणि अंगानं इतक्या लहानखुऱ्या, की सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हाई पोरगी हंडा कशी उचली?" हंडा त्यांनी उचललाच, आणि आवाजही असा काढला की वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत ऐकू जावा. फेरीवाला दारात येऊन पडेल भावानं पापड न्यायचा, ते त्यांना खपेना. चार बायका जमवून त्या एसटीनं धुळ्याला गेल्या, शांतीलाल शेठच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि माल ठरवूनच उठल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावाचा पापड त्या दुकानात जाऊ लागला.

एकोणीसशे शहाऐंशीच्या सुमाराला स्टेशनच्या मालधक्क्याजवळ, गावाच्या पश्चिमेला, कोळशाचा डेपो निघाला. मालगाडीच्या वाघिणींतून कोळसा उतरायचा, तिथंच फोडला जायचा, चाळला जायचा आणि ट्रक भरभरून आसपासच्या कारखान्यांना रवाना व्हायचा. डेपो तोताराम अण्णांचा. अण्णा तालुक्याच्या गावचे ठेकेदार. पांढरी टोपी, गोड जीभ, आणि कोणाचंही काम अडलं तर सोडवून देण्याची सवय. डेपो आला तेव्हा गावाला आनंदच झाला. कुंदाबाईंचे यजमान झुलाल यांना तर वजनकाट्यावर कायमची नोकरी मिळाली. कोरडवाहू कपाशीच्या भरवशावर राहणाऱ्या घराला महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. कुंदाबाईंनी त्या पगारातून दाराला पहिल्यांदा रंग दिला.

खानदेशात चैत्र-वैशाखात वारा पश्चिमेकडून सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. पहिल्या उन्हाळ्यात कोणाच्या ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात कुंदाबाई पापडाचे डबे घेऊन धुळ्याला गेल्या, तेव्हा शांतीलाल शेठनं एक पापड उचलून दाराच्या उजेडाकडे धरला. आत जाऊन तो भाजून आणला, अर्धा मोडून तोंडात टाकला.

"कुंदाभाभी, ऐका," ते म्हणाले, आणि चावले.

कुंदाबाईंना ऐकू आली ती पापडाची कुरकुर नव्हती. दाताखाली खडा भरडावा तसा तो आवाज होता.

"मीठ-मसाला पहिल्यासारखाच आहे. हात तुमचेच आहेत. पण ही कच कसली?" शेठ म्हणाले. "मी हा माल ठेवला, तर माझं गिऱ्हाईक जाईल. घेऊन जा, भाभी. राग मानू नका."

राग मानण्यासारखं काही नव्हतंच. शेठ खरं बोलले होते. कुंदाबाई डबे घेऊन एसटीत बसल्या आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. घरी आल्या आल्या धाब्यावर चढल्या. सकाळी अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावरून त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं.

संध्याकाळी झुलाल कामावरून आले. पाय धुऊन ओट्यावर टेकतात तोच कुंदाबाईंनी ते बोट त्यांच्यापुढं धरलं.

"मंग? कोयसाना डेपो शे, तठून काय गुलाल उडी?" झुलाल म्हणाले.

"मना बठ्ठा पापड परत उना."

झुलाल हळूच म्हणाले, "तुले धूळ दखास, माले पगार दखास."

"पगार माले बी दखास. पन पोरंसना खोकला तुम्हले ऐकू येस नही का?"

झुलालना स्वतःलाही सकाळी उठल्यावर खोकल्याची उबळ यायची आणि थुंकी काळी पडायची. ते बायकोला दिसू नये म्हणून ते परसात जायचे. कुंदाबाईंना ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई आणि त्यांची शेजारीण लताबाई आणखी बायका घेऊन डेपोवर गेल्या. तोताराम अण्णांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बहिणींनो, धूळ काय माझ्या हातातली आहे? वारा देवाचा. पण तुमचं नुकसान मला बघवत नाही. सरपणासाठी तुम्ही रानोमाळ हिंडता. आजपासून बारीक कोळसा घरटी टोपलंभर फुकट. संपला की पुन्हा न्या."

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. गावाभोवती बाभळी उरल्या नव्हत्या. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या पावसाळ्यापर्यंत पुरत नव्हत्या. आणि इथं कोळसा आपण होऊन घरी येत होता! तक्रार करायला गेलेल्या बायका टोपली घेऊन परत आल्या. कुंदाबाईंनीही आणलं. मनात काहीतरी टोचत होतं, पण हातानं टोपलं डोक्यावर घेतलंच. गावातल्या घराघरांत शेगड्या पेटल्या. धूळ आधी छपरावर होती, आता छपराखाली धूरही आला.

त्या वर्षी थंडी कडक पडली. लताबाईंनी एकदा पोरीला ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेतली आणि दार लावून घेतलं. सकाळी उजाडून गेलं तरी दार उघडेना, म्हणून कुंदाबाईंनी कडी ढकलली. आत मायलेकी खाटेवर निपचित. हाक मारली तर डोळे अर्धे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. कुंदाबाईंनी दोघींना ओढत अंगणात आणलं, तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. पोर आधी ओकली, मग रडायला लागली. ते रडणं ऐकून कुंदाबाई तिथंच मातीत बसल्या. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत कोळशाचा वायू माणसाला कळूही न देता झोपवतो. थोडा वेळ आणखी गेला असता, तर उठल्या नसत्या.

मायलेकी चार दिवसांत हिंडू-फिरू लागल्या. पण कुंदाबाईंनी मात्र शेगडी परसात नेऊन पालथी घातली आणि थेट प्रांतसाहेबांकडं अर्ज दिला. साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. कुंदाबाईंनी धुळीचं सांगितलं, खोकल्याचं सांगितलं, लताबाईंचं सांगितलं. मग तोताराम अण्णा उठले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "साहेब, या माझ्या बहिणीच आहेत. एवढंच विचारा त्यांना, घरी स्वयंपाक कशावर करता? माझाच कोळसा, फुकटचा. आजही गावात जळतोय. तो चालतो, आणि डेपो तेवढा चालत नाही?"

कचेरीत हशा पिकला. साहेबही हसले. बायकांच्या माना खाली गेल्या. कुंदाबाईंच्या कानशिलांवर चटका बसल्यासारखं झालं, कारण अण्णा खोटं बोलले नव्हते.

परतीच्या एसटीत लताबाई म्हणाल्या, "आते काय करवा वं?"

"त्याना कोयसा त्याले परत करवा," कुंदाबाई म्हणाल्या.

"आनि शिजाडवा कशावर? तोंडवर?"

याचं उत्तर गावातच पडून होतं. ग्रामसेवक दोन वर्षं गोबरगॅसची योजना घेऊन दारोदार फिरत होते आणि लोक त्यांना चहा पाजून वाटेला लावत होते. कुंदाबाई आपण होऊन त्यांच्याकडं गेल्या, तेव्हा ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. कुंदाबाईंच्या गोठ्यात बैलजोडी, एक म्हैस, एक गाय. शेण भरपूर. परसात खड्डा खणायचा, विटांची विहीर बांधायची, वर लोखंडी टाकी पालथी घालायची. शेणपाणी कालवून आत सोडलं, की टाकीत गॅस धरतो आणि नळीनं थेट चुलीला येतो. उरलेली मळी शेताला सोन्यासारखी. कुंदाबाईंना पटलं.

सासूबाईंना पटलं नाही. सुगंधाबाई सत्तरीच्या, दात पडलेले, पण जीभ शाबूत. "शेनना वारावर शिजेल भाकर मी खाव नही!" त्यांनी जाहीर केलं. "देवले निवद कसा दाखाडशी तू?"

"आई, घर बी आपन शेनघाईच सारवतस ना?"

"सारवानं येगळं, शिजाडानं येगळं!"

झुलालही फुरंगटलेले होते. बायको आपल्याला पगार देणाऱ्या मालकाविरुद्ध उभी राहिलेली, आणि घरात खड्डा खणायचं काम मात्र आपल्याकडं. पण सुटीच्या दिवशी ते कुदळ घेऊन परसात उतरले. खणता खणता खोकल्याची उबळ आली, तेव्हा या वेळी आडोसा शोधला नाही. कुंदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यानंतर खड्डा भराभर खोल होत गेला.

टाकी बसली, शेणपाणी भरलं, गॅस धरायची वाट पाहणं सुरू झालं. टाकी वर उचलली गेली तेव्हा अर्धं गाव परसात गोळा झालं. कुंदाबाईंनी गॅसच्या चुलीपाशी काडी ओढली. काडी फुर्र करून विझली. दुसरी विझली. तिसरीही. सुगंधाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सांगं व्हतं मी." लोक हसत हसत पांगले. ग्रामसेवक घाम पुसत म्हणाले, "पहिला गॅस जळत नाही, ताई. तो सोडून द्यायचा. मी सांगायला विसरलो." टाकी रिकामी केली, पुन्हा भरू दिली. पुढच्या खेपेला काडी ओढली तेव्हा बघायला कोणी नव्हतं, झुलाल तेवढे होते. चुलीवर निळी जोत उठली. इतकी निळी, की जळते आहे की नाही हे पाहायला कुंदाबाईंनी वर हात धरला आणि चटका बसून मागं घेतला. मग त्या हसतच सुटल्या.

सुगंधाबाईंनी अंगणात आपली तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती. पंधरवडाभर त्या ओल्या पऱ्हाट्या फुंकत राहिल्या. एके दिवशी कुंदाबाई शेतातून लवकर परतल्या, तर स्वयंपाकघरात सासूबाई गॅसपुढं बसलेल्या. निळ्या जोतीवर चहाचं भगुलं. बशीत ओतलेला चहा फुंकता फुंकता त्यांची नजर दाराकडं गेली.

"चहा म्हंजे काय अन्न नही," त्या म्हणाल्या. "चहाले चालस."

कुंदाबाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या शेजारी बसून आपलीही बशी पुढं केली. आठवडाभरात भाकरीलाही चालू लागलं. आणि पुढं कोणी बाई टाकी बघायला आली, की सुगंधाबाईच तिला परसात नेऊन सगळं समजावून सांगायच्या, जसं काही खड्डा त्यांनीच खणला होता.

ज्यांच्याकडं जनावरं कमी, त्यांनी भागीत टाक्या बांधल्या. लताबाईंची एकच म्हैस, म्हणून शेजारच्या दोन घरांचं शेण एकत्र करून तिघींना एका टाकीतून नळ्या काढल्या. वर्षभरात गावातल्या बऱ्याचशा घरांतून धूर गेला. ज्यांना टाकी जमली नाही, त्या बायकांनी पुन्हा पऱ्हाट्या गोळा केल्या, पण कोळसा नको म्हणाल्या. मग एका सोमवारी, तालुक्याहून ट्रक येण्याच्या वेळेला, तामसखेड्याच्या बायका डोक्यावर टोपली घेऊन निघाल्या. प्रत्येकीच्या टोपल्यात उरलासुरला कोळसा. म्हाताऱ्या बायका, नव्या सुना, लताबाईंची पोरगीसुद्धा. स्टेशनमास्तर बाहेर येऊन बघत उभे राहिले.

तोताराम अण्णा डेपोतच होते. त्यांनी लांबूनच हे पाहिलं आणि ओरडले, "झुलाल, फाटक लाव!"

झुलाल काट्याच्या खोलीतून बाहेर आले. फाटकापाशी गेले. एकदा बायकांकडं पाहिलं, एकदा अण्णांकडं.

"अन्ना, माल डेपोमा येई राहिना," ते म्हणाले. "माल उना म्हंजे काटावर मोजना पडस. तुम्हीच नियम करेल शे."

आणि त्यांनी फाटक सताड उघडलं.

एकेक बाई पुढं येऊ लागली. टोपलं लहान काट्यावर ठेवायची, झुलाल वजन पुकारायचे, नाव विचारायचे, आणि कोळसा ढिगावर रिकामा व्हायचा. अगदी रोजचं काम करावं तसं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. ट्रकवाले टपावर बसून बघत होते. धुळ्याच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार लताबाईंच्या भावानं बोलावून आणला होता, तो फोटो काढत होता.

शेवटी कुंदाबाई आल्या. टोपलं ठेवलं. झुलालांनी वजन पुकारलं आणि तसंच कोरडेपणानं विचारलं, "नाव?"

बायका पुढं सरकल्या. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, ही तिथली रीत. मंगळागौरीला नाहीतर लग्नात उखाण्यात लपवून घेतलं, तर घेतलं. कुंदाबाईंनी पदर सावरला आणि वरच्या आळीपर्यंत जाणाऱ्या आपल्या त्या आवाजात म्हणाल्या,

"कुंदाबाई झुलाल पाटील!"

बायकांत एकच हशा उठला. कोणी तोंडाला पदर लावला, कोणी टाळ्या पिटल्या. झुलाल कानापर्यंत लाल झाले. अण्णांना स्वतःलाच हसू आवरेना, ते त्यांनी टोपीत लपवलं.

तेवढ्यानं डेपो हलला नाही. झुलालना महिनाभर घरी बसावं लागलं. मग काट्यावर चोख माणूस मिळेना, म्हणून अण्णांनीच निरोप धाडून त्यांना परत बोलावलं. पण पेपरात फोटो आला आणि प्रांतसाहेब या वेळी स्वतः गावात आले. वैशाखाचे दिवस, वारा सुटलेला. कुंदाबाईंनी त्यांना धाब्यावर नेलं आणि चहा दिला. बोलता बोलता साहेबांचा चहा राहून गेला. पुन्हा कपाकडं पाहिलं, तेव्हा सायीवर काळी पूड तरंगत होती. साहेबांनी कप खाली ठेवला.

"तुमचं म्हणणं काय आहे? डेपो बंद करायचा?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. डेपोवर आमच्या गावची माणसं कामाला आहेत. माझे घरचेही आहेत." कुंदाबाईंनी हात लांब करून रुळांपलीकडं दाखवलं. "तिकडं पूर्वेला मुरमाची जुनी खदान आहे. डेपो तिथं न्या. वारा पश्चिमेचा, धूळ माळावर जाईल. ढिगावर पाणी मारा, ट्रकवर ताडपत्री घाला. आणि फोडणाऱ्या माणसांना तोंडाला बांधायला कापड द्या."

साहेबांनी खाली उतरून खदान पाहिली आणि डेपो हलवायचा हुकूम काढला. तोताराम अण्णांनी खर्चाचं पुष्कळ रडगाणं गायलं, पण पुढच्या दिवाळीनंतर डेपो खदानीत गेला. पाणी कधी मारलं जायचं, कधी नाही, तेव्हा बायका जाऊन आठवण करून द्यायच्या. धूळ पुरती गेली नाही, पण धाब्यांवर यायची थांबली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात शांतीलाल शेठनं पापड भाजून खाल्ला आणि आणखी दुप्पट माल सांगितला.

गोबरगॅसवाल्या कुंदाबाई हे नाव मग आजूबाजूला पसरलं. नरडाण्याकडून, सोनगीरकडून बोलावणी येऊ लागली. त्या लताबाईंना घेऊन जायच्या, बायकांना परसात बसवून समजावून सांगायच्या. सुगंधाबाई तोवर थकल्या होत्या, पण सून गावाला निघाली की सांगायच्या, "पहिला गॅस सोडी देवा, हाई सांगानं ईसरू नको."

ब्याण्णव की त्र्याण्णव साली साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावरून बोलावणं आलं. तिथल्या रमतीबाई नावाच्या बाईनं कोणाकडून तरी ऐकलं होतं, की धुराशिवाय स्वयंपाक होतो. कुंदाबाई आणि लताबाई एसटीनं आणि पुढं पायी चालत पाड्यावर पोचल्या. कुडाच्या झोपड्या, आत काळोख. रमतीबाईंच्या घरात शिरताच दोघींचे डोळे चुरचुरले. चुलीपाशी बसलेल्या रमतीबाईंचे डोळे तर कायमचे लाल होते.

कुंदाबाई बोलायला बसल्या. टाकी, शेणपाणी, नळी. बायका ऐकत होत्या. मग रमतीबाईंनी विचारलं, किती गुरं लागतील? कुंदाबाईंनी सांगितलं. बायका एकमेकींकडं पाहून हसल्या. साऱ्या पाड्यात दोनच गाई होत्या, बाकी कोंबड्या आणि शेळ्या.

कुंदाबाई थबकल्या. इतक्या गावांतून सांगत आलेलं इथं चालणार नव्हतं. त्या लताबाईंकडं वळून म्हणाल्या, "आठे हाई जमाव नही." आणि रमतीबाईंनाही तसंच सांगितलं, की बाई, टाकी तुमच्या कामाची नाही. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी चूल निरखून पाहिली, छपराचा कोपरा पाहिला. ग्रामसेवकाच्या कचेरीत त्यांनी बिनधुराच्या चुलीचं चित्र पाहिलेलं होतं. मातीची बंद चूल, मागं नळकांडं, धूर सरळ छपराबाहेर.

"माती कुठली चांगली आहे इथली?" त्यांनी विचारलं.

रमतीबाई त्यांना ओढ्यावर घेऊन गेल्या. तिथली माती चिकट होती. भाताचा कोंडा मिसळून बायकांनी ती मळली. चूल घडवताना बोलणं अर्धं कळायचं, अर्धं खुणांनी चालायचं. पहिली चूल वाकडी झाली, ती मोडली. दुसरी उभी राहिली. कौलाच्या नळकांड्यांचं धुराडं छपरातून वर काढलं. तीन दिवस दोघी तिथंच राहिल्या. चूल सुकल्यावर रमतीबाईंनी जाळ केला. थोडा धूर फटीतून आत आलाच, तिथं पुन्हा माती लिंपली. मग धूर वर गेला. बाहेर उभी असलेली एक म्हातारी छपराकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या जणी बाहेर पळाल्या, ते बघायला.

रमतीबाईंनी त्या चुलीवर नागलीची, म्हणजे नाचणीची, पहिली भाकरी केली आणि कुंदाबाईंच्या हातावर ठेवली. सोबत मीठ-मिरचीचा ठेचा. कुंदाबाईंनी घास घेतला. भाकरी गरम होती, एका कडेला जराशी करपलेली. शेजारच्या झोपडीतली बाई दारात उभी राहून आत वाकून पाहत होती. कुंदाबाईंनी तिला बोटांनी जवळ बोलावलं, अर्धी भाकरी मोडून तिच्या हातात दिली आणि खाता खाताच विचारलं, "तुझी चूल कुठे आहे? चल, दाखव."